बाराच्या पुढची अठ्ठावीस मिनिटं

आमच्या गावच्या रामाचा उत्सव चार घरांत फिरतो. ज्याची पाळी त्यानं पाडव्यापासून दशमीच्या पंगतीपर्यंत सगळं बघायचं. तेलवात, रोजचा नैवेद्य, मांडव, कीर्तनकाराची बिदागी, पाळणा, सुंठवडा. मागची पाळी आमच्याकडं 2021 ला आली आणि ती करोनानं खाल्ली. देवळात पाच माणसं, तोंडाला मास्क, आणि पाळण्याची दोरी धरण्याआधी प्रत्येकाच्या तळहातावर सॅनिटायझर. वडील म्हणाले होते, "ही पाळी मोजू नका. पुढची दणक्यात करू." पुढची यायच्या आत ते गेले.

म्हणून 2025 ची रामनवमी माझ्या अंगावर आली. मी संभाजीनगरला औषधाचं दुकान चालवतो. उत्सवाचा माझा आजवरचा अनुभव म्हणजे गुलाल उधळणं आणि सुंठवड्यासाठी दुसऱ्यांदा हात पसरणं. बाकीचं कुणीतरी करतं एवढं ठाऊक होतं. ते कुणीतरी म्हणजे आत्या, हे यंदा कळलं.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वडिलांची थोरली बहीण. ऐन तिशीत नवरा गेला तेव्हा दोन लेकी घेऊन माहेरी आली आणि इथलीच झाली. लेकी आता पुण्याकडं. गावात दवाखाना नव्हता त्या काळात रात्री-अपरात्री सुईणीच्या पुढं कंदील धरून चालायची ती हीच. आज गावात चाळिशी ओलांडलेल्या निम्म्याअधिक माणसांना तिनं नाळ कापायच्या आधी पाहिलेलं आहे, आणि ती हे त्यांना अधूनमधून ऐकवतेही.

गाव घनसावंगी तालुक्यात, जांबपासून फार लांब नाही. जांब म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मगाव. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाईंचा हा धाकटा मुलगा, नारायण, 1608 साली जन्मला तो रामनवमीलाच, आणि तोही रामजन्माच्या घटकेला, असं या भागात पक्कं मानतात. त्यामुळं आमच्या पट्ट्यात त्या दुपारी दोन जन्म असतात. जुनी माणसं आधी रामाचा जयकार करतात आणि लगोलग समर्थांचा. जांबच्या देवळातल्या पंचधातूच्या मूर्ती ऑगस्ट 2022 मध्ये चोरीला गेल्या होत्या. पुढं काही महिन्यांत त्या पोलिसांना मिळाल्या, पण तेवढ्या दिवसांत आसपासच्या प्रत्येक देवळाला कुलूप आणि कॅमेरा बसला. आमच्याही. आत्याचं म्हणणं, कॅमेरा गाभाऱ्याकडं तोंड करून लावलाय, त्यापेक्षा चपलांकडं लावला असता तर उपयोग झाला असता.

पाडवा 30 मार्चला होता. रामाचं नवरात्र पाडव्याला बसतं आणि नवमीला जन्म होतो. यंदा मधल्या एका तिथीचा क्षय, त्यामुळं नवरात्र आठच दिवसांचं. नऊ घरांचा नैवेद्य ठरलेला, दिवस आठ. कुणाचा दिवस गेला यावरून दोन चुलत्यांत जी धुसफूस झाली ती सांगत बसत नाही. शेवटी एका दिवशी दोन ताटं गेली आणि रामानं दोन्ही गोड मानून घेतली.

मी शुक्रवारी संध्याकाळी गावात पोचलो ते गाडीची डिकी भरून. जालन्याच्या मोंढ्यातून साखर, खोबरं, खारीक आणली होती, आणि माझ्याच दुकानातून सुंठपूड. चांगल्या कंपनीची, सीलबंद, पाव किलोचा डबा. आत्यानं डबा उघडला, बोटाच्या टोकावर घेतली, जिभेला लावली.

"हे काय आणलास रे?"

"सुंठ."

"ही सुंठ हाय? कोण सांगितलं तुला?"

मी डब्यावरचं लेबल दाखवलं. तिनं डबा माझ्या हातात परत दिला. "तुझ्या गिऱ्हाइकाला दे. बाळंतिणीला असली चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावाला मोटरसायकलवर घनसावंगीला पिटाळून अख्खी सुंठ आणवली. पांढरट, गाठीगाठींची, मोडली की आतून धागे निघणारी. मग आत्यानं मला खलबत्त्यापुढं बसवलं. मी म्हटलं, मिक्सर आहे की. ती काही बोलली नाही. मी मिक्सरमध्ये घातली, भांडं घर्र करून थांबलं, आणि आत पात्याला सुंठेच्या दोऱ्यांची शेंडी गुंडाळलेली. एक मिक्सर त्या सकाळी कामातून गेला. मग खलबत्ता. आधी सुंठ उन्हात घटकाभर तापवायची, कोरडी कडकडीत करायची, बत्त्यानं फोडायची, मग कुटायची, मग धोतराच्या जुन्या पानातून वस्त्रगाळ करायची. वर राहिलेला चोथा परत खलात. पाव किलो सुंठ पुडीत यायला मला पावणेदोन तास लागले आणि त्यातला अर्धा तास मी फक्त शिंकत होतो.

माप आत्याच्या डोक्यात. पाव किलो सुंठेला दोन किलो पिठीसाखर, दीड किलो खोबरं किसून भाजलेलं, अर्धा किलो खारकेची पूड, थोडी खसखस, पंचवीस ग्रॅम वेलदोडे. हे चारशे माणसांना चमचा-चमचा पुरतं. गेल्या काही वर्षांत इतर घरांच्या पाळीला सुंठ कमी आणि साखर जास्त असा सुंठवडा होऊ लागलाय, पोरं खातात म्हणून. त्याला आत्या "साखरवडा" म्हणते आणि घेत नाही.

मी खलबत्त्यावर घाम गाळत असताना तिला सहज म्हटलं, रामाच्या प्रसादाला इतकं तिखट कशाला? तेव्हा ती जे बोलली ते मी पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं.

"रामासाठी कुठं हाय बापू हे? त्याला दात हैत का? आजच जन्मतोय. हे कौसल्येसाठी असतं."

मग मला एकेक आठवत गेलं. माझ्या बायकोला दोन्ही खेपेला आत्यानंच सुंठेचे, डिंकाचे लाडू पाठवले होते. गोकुळाष्टमीलाही कुठं सुंठवडा, कुठं धन्याची पंजिरी. दोन्ही बाळंतिणीच्या फडताळातल्या वस्तू. आपण ज्याला देवाचा प्रसाद म्हणून डोक्याला लावतो तो मुळात देवाच्या आईचा खुराक आहे. आणि पाळण्याच्या शेजारी दरवर्षी एक रिकामा पाट मांडलेला असतो, वर घडी घातलेलं जुनं लुगडं. मी सात-आठ वर्षांचा असताना त्या पाटावर बसलो म्हणून पाठीत धपाटा खाल्ला होता. का, ते तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. गाभाऱ्यात राम-लक्ष्मण-सीता उभे आहेत, धनुष्य घेतलेले, मोठे झालेले. पण जन्माच्या दिवशी बाळंतीण कुठं बसणार? तिला जागा नको?

शनिवारी दुपारी पाळणा खाली काढला. सागवानी, चार कोपऱ्यांना रंगीत लाकडी राघू, त्यातला एक राघू चोच तुटलेला. सुताराच्या पोरानं कड्या बघितल्या, तेल दिलं, एक खिळा बदलला आणि पैसे घेतले नाहीत. दोरी दरवर्षी नवीन लागते. बाजारात नायलॉनची पिवळी मिळते ती मी आणली होती, ती सुंठपुडीच्या वाटेनं गेली. सुताची लागते, हळदीच्या पाण्यातून काढलेली. ती आत्यानं आधीच वळून ठेवली होती. मग मला यादी का पाठवली, असं विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

बाळ म्हणजे नारळ. तोही कसलाही चालत नाही. शेंडीचा, पाण्यानं भरलेला, आणि शेंडी बाजूला केली की तीन डोळे नीट दिसणारा. दोन डोळे, एक तोंड. मी आणलेल्या पाच नारळांतून तिनं कानाजवळ हलवून एक निवडला. त्याला आधी जुन्या धुवट लुगड्याचं अंगडं, म्हणजे फडकंच, मग वर जरीच्या काठाची कुंची. नवं कापड थेट अंगाला घालायचं नाही, टोचतं. हा नियम मी माझ्या पोरांच्या वेळी ऐकला होता. नारळाच्या बाबतीत तो पाळताना माझ्या चेहऱ्यावर काही उमटलं असावं, कारण आत्या म्हणाली, "हस, हस. तुलाबी आसंच गुंडाळलं होतं. तू तर यापेक्षा काळा होतास."

आता वेळेचं सांगतो, कारण यंदाचा सगळा घोळ तिथं झाला.

प्रत्येक देवानं जन्मायला आपापली वेळ धरलेली आहे. राम भर दुपारी, कृष्ण मध्यरात्री, मारुती उगवतीला, नरसिंह दिवस मावळताना, दत्त संध्याकाळी. त्यामुळं प्रत्येक जयंतीची तऱ्हा वेगळी. कृष्णाला जागावं लागतं, मारुतीला पहाटे उठावं लागतं, आणि रामाला आमच्यासारख्यांनी चैत्राच्या उन्हात उपाशीपोटी घाम पुसत बसावं लागतं. पण दुपार म्हणजे नेमकी कधी?

आमचं देऊळ म्हणजे मुळात वाड्याचाच एक सोपा आहे. कळस नाही, वर मातीचं माळवद, सागवानी खांब. माळवदाला उजेडासाठी एक गोल भोक ठेवलेलं आहे, पावसाळ्यात त्यावर परात पालथी घालतात. खाली फरशीवर दक्षिणोत्तर एक रेघ कोरलेली आहे, दोन हात लांब. भोकातून पडलेला उन्हाचा कवडसा पश्चिमेकडून सरकत सरकत येतो आणि रेघेवर बसतो, तेव्हा सूर्य बरोब्बर माथ्याच्या रेषेत आलेला असतो. तो माध्यान्ह. नवमी मार्चअखेरीस आली तर कवडसा रेघेच्या वरच्या टोकाकडं पडतो, एप्रिलच्या मध्याला आली तर भोकाच्या खालच्या अंगाला. पण रेघेवर पडतोच. कुणी कोरली ते ठाऊक नाही. ती कोरणाऱ्याजवळ घड्याळ नव्हतं एवढं नक्की.

घड्याळ आलं आणि भांडण सुरू झालं. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावर ठरते, आम्ही जवळजवळ 76 अंशांवर. दर अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य आमच्या डोक्यावर साधारण सव्वीस मिनिटं उशिरा येतो, आणि एप्रिलच्या सुरुवातीला त्यात आणखी दोन-अडीच मिनिटांची भर पडते. म्हणजे 6 एप्रिलला आमचा कवडसा रेघेवर यायचा तो 12 वाजून 28 मिनिटांनी. वडील हयात होते तोवर रेघ चालायची. बाकीच्या तीन घरांच्या पाळीला मोबाइलवर बारा वाजले की जन्म होतो.

यंदा त्यात अयोध्येची भर पडली. तिथं 17 एप्रिल 2024 च्या रामनवमीला आरसे आणि भिंगं लावून रामलल्लाच्या कपाळावर सूर्यकिरण आणला, तो सूर्यतिलक सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिला. आमच्या मंडळाच्या पोरांनी यंदा मांडवात मोठा पडदा लावायचा ठरवला होता. तिथं किरण कपाळावर आला की इथं पाळणा हलवायचा. कल्पना वाईट नव्हती. मीही हो म्हणालो असतो. पण शनिवारी रात्री ओसरीवर बसून हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की अयोध्या 82 अंशांच्या थोडी पुढं आहे, प्रमाणवेळेच्या रेषेला जवळजवळ चिकटून. त्यांचे बारा हे खरोखरचे बारा आहेत. आमचे बारा उसने आहेत.

हे मी पोरांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. एक जण म्हणाला, "दादा, तुमचं बरोबर हाय, पण डीजेवाला साडेबाराला दुसऱ्या गावी जाणारंय."

नवमीला रविवार होता. सकाळी सहापासून देवळात. अभिषेक, पूजा, नवी वस्त्रं. दहाला कीर्तन उभं राहिलं. बुवा अंबडकडचे, नारदीय पद्धतीचे, पायघोळ अंगरखा आणि आवाज असा की माइक नसता तरी वेशीपर्यंत गेला असता. पूर्वरंग मी धड ऐकला नाही. पाण्याचा टँकर आला नव्हता आणि मी फोनवर होतो. परत येऊन टेकलो तेव्हा उत्तररंग सुरू झाला होता, दशरथाचा पुत्रकामेष्टी यज्ञ, ऋष्यशृंग, अग्नीतून पायसाचं पात्र घेऊन आलेला पुरुष. पायसाची वाटणी बुवांनी अपूर्णांकांत सांगितली. निम्मं कौसल्येला, उरलेल्याचं निम्मं सुमित्रेला, उरलेल्याचं निम्मं कैकेयीला, आणि राहिलेलं पुन्हा सुमित्रेला. दोनदा वाटा मिळाला म्हणून तिला दोन मुलं. मग आपल्याकडची कथा, घारीनं कैकेयीचा वाटा पळवला, त्यातला घास अंजनीच्या ओंजळीत पडला, आणि म्हणून सहा दिवसांनी पौर्णिमेला हनुमानजयंती. मागं बसलेली शाळेतली पोरं घार कोणत्या जातीची यावर कुजबुजत होती.

मग बुवा म्हणाले, यज्ञानंतर बाराव्या महिन्यात, चैत्रात, नवमीला कौसल्या प्रसूत झाली असं वाल्मीकी सांगतात. बायकांच्या बाजूनं एक सामुदायिक सुस्कारा आला. "बारा महिने!" आत्या मोठ्यानं म्हणाली. "आन् वरून हे ऊन." बुवा हसले, पण टाळ थांबवले नाहीत. त्यांनी पुढं एक गोष्ट सांगितली ती माझ्या हिशेबाला जोडून बसली. मूळ रामायणात दुपारी बाराला असं कुठं लिहिलेलं नाही. कर्क लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला कर्क रास उगवत होती, आणि पाच ग्रह उच्चीचे एवढंच आहे. त्या पाचांत परंपरेनं सूर्य धरतात, सूर्याची उच्च रास मेष, आणि मेष कर्केपासून दहावी. दशमस्थान म्हणजे आकाशाचा माथा. लग्नावरून माध्यान्ह काढलेला आहे. घड्याळ कुठंच नाही.

मी कवडशाकडं पाहिलं. रेघेपासून चांगला हातभर लांब होता. घड्याळात 11 वाजून 55 मिनिटं.

पडद्यावर अयोध्या दिसत होती, आवाज बंद केलेला. बुवा आख्यान पुढं नेत होते आणि मी त्यांना डोळ्यानं खूण करत होतो, अजून नाही, अजून नाही. ते समजले. पण मांडवाबाहेरची पोरं कुणाच्या खुणेत नव्हती. पडद्यावर किरण कपाळावर स्थिरावला आणि बाहेर धडाधड फटाक्यांची माळ लागली, डीजे सुरू झाला, आतली निम्मी माणसं उठून गुलालाची मूठ भरायला लागली. कुणीतरी ओरडलं, "जन्म झाला, जन्म झाला!" पुजाऱ्यानं पाळण्याच्या पडद्याला हात घातला.

आत्या पाटाशेजारी बसलेली होती, तिथूनच कडाडली.

"आरं थांबा! अजून कळा चालू हैत!"

मांडव एकदम गप्प झाला. डीजेसुद्धा, म्हणजे कुणीतरी धावत जाऊन वायर काढली. मग मागून हसू फुटलं, आधी बायकांतून, मग सगळीकडून. पुजाऱ्यानं हात मागं घेतला. गुलालाच्या मुठी परत ताटात गेल्या, थोड्या एकमेकांच्या डोक्यांवर. बुवांनी तो क्षण असा उचलला की मी आयुष्यात विसरणार नाही. चिपळ्या वाजवत म्हणाले, "अयोध्येत जन्म झाला हे खरं. पण तिथला निरोप गोदाकाठी यायला वेळ लागतो. आणि ज्या बाईनं या गावात इतकी बाळंतपणं पाहिलीत ती म्हणते थांबा, तर दशरथानंही थांबलं पाहिजे."

मग ते पंचवीस मिनिटं थांबले. म्हणजे उभेच होते, पण गोष्ट थांबवून धरली. कौसल्येच्या महालाबाहेर दशरथ येरझाऱ्या घालतो, आत पाणी तापतंय, दासी धावतायत, कैकेयी-सुमित्रा आपापल्या महालात अवघडलेल्या. हे पोथीत नसावं. हे त्यांनी त्या उकाड्यात उभ्या उभ्या रचलं. बायका त्यांच्याकडं बघत नव्हत्या. पुढच्या रांगेतल्या सगळ्या जणी फरशीकडं बघत होत्या. कवडसा सरकतो हे आपल्याला ठाऊक असतं, पण तो सरकताना दिसत नाही. बघत राहिलं की तिथंच असतो, क्षणभर दुसरीकडं पाहिलं की पुढं गेलेला असतो. माझ्या शेजारी चुलतभावाची सून बसली होती, सातवा महिना. तिनं पदरानं वारा घ्यायचं थांबवलं होतं.

रेघेची कड उजळली. आत्या हळूच म्हणाली, "आता."

बुवांनी जयकार केला. पडदा सरकला. काय झालं ते क्रमानं सांगता येणार नाही. गुलाल, झेंडूच्या पाकळ्या, घंटा, शंख, ताशा, बाहेर उरलेली दुसरी माळ, आणि इतक्या आवाजात एक तान्हं पोर खरोखरच घाबरून रडायला लागलं तेव्हा लोकांना तो शकुनच वाटला. मी घड्याळ बघायचं विसरलो. नंतर पोरांनी काढलेल्या व्हिडिओत पाहिलं, 12 वाजून 28 मिनिटंच होती.

मग पाळणा. बायका पुढं झाल्या, बाळंतविडे ठेवले. टोपडी, दुपटी, झबली, एकीनं चक्क डायपरचं पाकीट. नारळ एका बाजूनं पाळण्याखालून घेतला, दुसऱ्या बाजूनं वरून दिला, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. नाव ठेवायचा मान आत्याचा असतो, म्हणजे बाळाच्या आत्याचा. आमच्याकडं ते काम पाळीच्या घरातली लेक करते. वसिष्ठांनी अकरा दिवस उलटल्यावर नावं ठेवली असं बुवांनी सांगितलं होतं. आमच्याकडं बारसं पाचव्या मिनिटाला होतं, कारण लोकांना उपवासाची भगर खायला घरी जायचं असतं. माझ्या बहिणीनं कुंचीच्या कानात कुर्रर केलं, पाठीवर सगळ्यांनी थापा मारल्या.

दोरी धरायला सवाष्णींची रांग लागली. मी बघत होतो. आत्या पाटाशेजारून हलली नव्हती. शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी करत होती. लोक तिला धूप समजून हात फिरवून डोळ्यांना लावत होते. मला एकदम वाटलं की ही किती वर्षं इथं बसते, सुंठ हिची, कुंची हिची, दोरी हिनं वळलेली, आणि दोरीला हात लावताना मी तिला कधी पाहिलेलं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळं कुणी बोलत नव्हतं. पाळी माझी होती. मी गर्दीतून वाट काढत गेलो, दोरीचं टोक हातात घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आत्या, आधी तू धर."

रांग थांबली. पुजारी माझ्याकडं बघायला लागला. मला माझं कौतुक वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

आत्यानं वर पाहिलं. "गुडघे धरलेत माझे. उठवतोस का?" मग दोरीकडं बघून, "आन् किती जोरात हलवायलेत बघ त्या. लेकराला घेरी यील. हळू म्हणावं त्यांना." आणि पुन्हा शेगडीत ओव्याची चिमूट टाकली.

मी दोरी पुढच्या बाईच्या हातात दिली.

सुंठवडा चारशे माणसांना पुरला. तोंडात टाकला की आधी गोड, मग खोबरं, आणि घशात उतरताना सुंठ अशी चढायची की डोळ्यांतून पाणी. शाळेतली पोरं तोंड वेडंवाकडं करत दुसऱ्यांदा हात पसरत होती. डीजेवाला उशीर झाला म्हणून चिडून आला होता, त्यालाही द्रोणभर दिला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "तुझ्या बापाच्या येळेसारखा झालाय." मी सुंठ कुटलेल्या हाताकडं पाहिलं, तळव्याला दोन फोड आले होते.

दीड वाजेपर्यंत देऊळ रिकामं. बुवांची जेवणाची व्यवस्था, मांडववाल्याचा हिशेब, टँकरवाल्याचं भांडण (तो तीनला आला, आणि पूर्ण पैसे मागितले), उद्याच्या महाप्रसादाला गव्हाचं पीठ किती, येसूर कुणाकडचा. दशमीला पारण्याची पंगत, पाचशे पान. त्या सगळ्यात चार वाजले.

तांदूळ निवडायला कुणी बसलंय का ते बघायला मी परत देवळात गेलो. दार लोटलेलं होतं. आत गुलालाचा थर, पाकळ्या कोमेजून काळ्या पडलेल्या, आणि माळवदाच्या भोकातला कवडसा रेघ सोडून पूर्वेच्या भिंतीवर चढलेला. आत्या खांबाला टेकून, पाय पसरून बसली होती. मांडीवर सूप, सुपात उद्याचे तांदूळ, डाव्या हाताला खड्यांची वाटी. पाळण्याची दोरी तिनं उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली होती. पाय जरासा हलत होता, पाळणा जरासा हलत होता, आणि तिचे डोळे तांदळावर.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं खडा टिपता टिपता मान वर न करता सांगितलं,

"हळू. आत्ताशी डोळा लागलाय. आन् ती पश्चिमेची खिडकी लोट जरा, ऊन यायलंय तोंडावर."